एफएमजीई: केसवाल्या प्रश्नात आजार ओळखता येतो, पण 'आता पुढे काय' तिथे गाडी अडते

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. एमबीबीएस बाहेरदेशी झालं, आता घरी राहून एफएमजीईची, म्हणजे बाहेरदेशी शिकलेल्यांना इथे डॉक्टरकी करायला पास व्हावी लागते त्या परीक्षेची, तयारी करतेय. एका ओळीचे प्रश्न जमतात, कोणत्या औषधाने काय त्रास होतो, कोणता डास कोणता रोग पसरवतो, ते सगळं पाठ आहे. पण पेशंटची चार-पाच ओळींची हकीकत देऊन खाली नेक्स्ट स्टेप विचारली की आजार कोणता ते कळतं आणि तरी चारपैकी दोन पर्याय सारखेच बरोबर वाटत राहतात. मनाला लागतं ते हे की यातले कितीतरी आजार आपल्याच भागातले, लहानपणापासून घरात ऐकलेले, पण मी जिथे शिकले तिथल्या वॉर्डात फवारणीतला किंवा पान लागलेला (साप चावलेला) पेशंट कधी आलाच नाही.

तीन प्रश्न देते, उत्तरापेक्षा कारण सांगितलं तर फार उपकार होतील.

१. कपाशीवर फवारणी करून आलेला शेतकरी, घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या एकदम बारीक. अॅट्रोपिन चालू केलं. आता बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी ११०, पण छातीत दोन्हीकडे अजून क्रेप्स (पाणी असल्याचा चरचर आवाज) आहेत. अॅट्रोपिन बंद करायचं, आहे तेवढंच ठेवायचं, डोस दुप्पट करायचा का फ्रुसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) द्यायचं?

२. शेतात जमिनीवर झोपलेला मजूर, पहाटे पोट दुखायला लागलं, आता पापण्या उचलत नाहीत, बोलणं जड झालंय. अंगावर चावल्याची खूण कुठेच नाही, सूज नाही, रक्त २० मिनिटांत व्यवस्थित गोठलं. वाट बघायची, अँटी स्नेक व्हेनम द्यायचं, नुसतं निओस्टिग्मिन द्यायचं का मेंदूचा सीटी करायचा?

३. धडगावकडची २० वर्षांची गर्भवती, २२ आठवडे, एचबी ६.८, सांधे अधूनमधून दुखतात, डोळ्यांत थोडा पिवळेपणा, सिकलसेलची (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह. शिरेतून आयर्न सुक्रोज, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी), हायड्रॉक्सीयुरिया (सिकलची गोळी), का लगेच रक्त?

आणि अजून एक, परीक्षा जवळ आली की कोणत्या आजारांवर जास्त वेळ द्यावा तेही सांगा प्लीज.

---

धुळे_इंटर्न

ताई, मी धुळ्यात इंटर्नशिप करतोय, नीट पीजीची तयारी चालू आहे. तुमच्या प्रश्नांवर मोठी माणसं लिहितीलच, मी पेपरपुरतं सांगतो. एफएमजीईला ३०० प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, पास व्हायला १५० लागतात आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, दोन पर्यायांत अडलात तरी एक लावून पुढे जायचं. आमच्या नीट पीजीला चुकलं की एक मार्क कापतात म्हणून तिथले सल्ले जसेच्या तसे घेऊ नका.

दुसरं म्हणजे केस वाचताना शेवटची ओळ आधी वाचायची. डायग्नोसिस विचारलंय, तपासणी विचारलीय का उपचार विचारलाय. 'पहिली तपासणी' आणि 'सगळ्यात खात्रीची तपासणी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पर्यायांत दोन्ही उत्तरं मुद्दाम शेजारी ठेवलेली असतात. टीबीत पॉझिटिव्ह आल्यावर रिफॅम्पिसिन चालतं का हे लवकर कळायला सीबीनॅट (बेडक्यातल्या जंतूच्या जनुकांची तपासणी), पण गोल्ड स्टँडर्ड विचारलं तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं. तुमचे अर्धे 'दोन्ही बरोबर' इथेच सुटतील असं मला वाटतं.

---

सातपुडा_एमओ

ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात डोंगरपट्ट्यात मेडिकल ऑफिसर आहे. तुमचे तिन्ही प्रश्न आमच्या ओपीडी-कॅज्युअल्टीतलेच आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

या तिघांत एकच गोष्ट विचारलीय, की हा पेशंट मरणार असेल तर कशाने मरेल. पुढची स्टेप त्या कारणाच्या आड उभी राहणारी असते. आजाराचं नाव कळलं की आपण त्या आजाराचं सगळं पान आठवायला लागतो आणि पानावरचे चारही पर्याय खरे असतात, म्हणून गोंधळ होतो.

फवारणीवाला. ऑर्गॅनोफॉस्फरसचा पेशंट बाहुल्यांनी मरत नाही, तो छातीत पाणी भरून आणि श्वासाचे स्नायू थकून मरतो. म्हणून अॅट्रोपिन पुरेसं झालं का हे छातीवर स्टेथो ठेवून ठरवायचं. छाती मोकळी, काख कोरडी, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर आणि बाहुल्या बारीक नाहीत, हे सगळं मिळून अॅट्रोपिनायझेशन. यात बाहुल्यांचा भरवसा सगळ्यात कमी, डोळ्यात फवारणीचं औषध उडालं असेल तर त्या तशाच बारीक राहतात, आणि कधी छाती भरलेली असतानाच मोठ्या होतात. तुमच्या पेशंटची छाती भरलेली आहे, म्हणजे डोस दुप्पट. मोठ्या माणसाला सुरुवातीला १.८ ते ३ मिलिग्रॅम शिरेतून, दर ५ मिनिटांनी बघायचं, छाती सुधारत नसेल तर आधीच्या दुप्पट. नाडी ११० आहे म्हणून हात आखडायचा नाही. छाती मोकळी झाली की जेवढं एकूण लागलं त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. फ्रुसेमाइडचा पर्याय फसवा आहे, ते पाणी हृदय कमी पडल्याचं नाही, ग्रंथींच्या स्रावाचं आहे.

त्यानंतर पेशंट बडबडायला लागला, अंग तापलं, पोटाचे आवाज बंद झाले तर ते जास्त झालेलं अॅट्रोपिन, तेव्हा थांबवायचं. आणि कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुणं हा पर्याय दिसला तर त्याला हलकं समजू नका, कपड्यांतून विष आत जातच राहतं, आणि धुणाऱ्या सिस्टरांनी हातमोजे घालायचे. पोट धुणं मात्र श्वास आणि अॅट्रोपिन जागेवर आल्याशिवाय नाही. श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ आली तर स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन टाळायचं, ते मोडणारं एन्झाइमच बंद पडलेलं असतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पेशंट बरा दिसतोय आणि उशीवरून मान उचलता येत नाही अशी केस आली तर इंटरमीजिएट सिंड्रोम, तिथे उपचार म्हणजे व्हेंटिलेटर, अॅट्रोपिन वाढवून काही होत नाही.

मजूर. हा मण्यार आहे ताई, दुसरं काही शोधू नका. जमिनीवर झोपणं, रात्र, पोटदुखी, पापण्या पडणं आणि खूण नसणं, एवढं जुळलं की संपलं. मण्यारीचे दात बारीक, दुखत नाही, सूज नाही, झोपलेल्याला चावल्याचं कळतही नाही. आमच्याकडे माणूस सकाळी येतो आणि "पोट दुखस, डोया उघडत नही" एवढंच सांगतो, नातेवाइकांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. रक्त गोठलं म्हणजे साप नाही असं होत नाही, गोठण्याची टेस्ट घोणस आणि फुरशासाठी, नाग आणि मण्यार नसांवर काम करतात. म्हणून उत्तर अँटी स्नेक व्हेनम, १० व्हायल, तासाभरात ड्रिपमधून, आणि श्वासावर नजर. निओस्टिग्मिन अॅट्रोपिनसोबत देऊन बघतात, नागाला छान काम करतं, मण्यारीला फारसं नाही कारण तिचं विष नसेच्या टोकाला बसतं, स्नायूच्या बाजूला नाही. 'नुसतं निओस्टिग्मिन' म्हणून चूक.

गोठण्याच्या टेस्टबद्दल पण विचारतात. काचेचीच, नवी, कोरडी टेस्ट ट्यूब, २ मिली रक्त, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायची. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या ट्यूबमध्ये रक्त उगाच न गोठलेलं दिसू शकतं. अँटी व्हेनम दिल्यावर पुन्हा ६ तासांनी करायची, कारण लिव्हरला क्लॉटिंग फॅक्टर परत बनवायला तेवढा वेळ लागतो, दर तासाला करून काही मिळत नाही. टेस्ट डोस द्यायचा नाही. रिअॅक्शन आली तर ड्रिप थांबवून अॅड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम मांडीत स्नायूत, मग सावरल्यावर पुन्हा हळू चालू. आणि घट्ट दोरी बांधून आणलेला पेशंट असेल तर दोरी पटकन कापायची नाही, आधी अँटी व्हेनम आणि श्वासाची तयारी हाताशी ठेवायची, मग सोडायची.

गर्भवतीचं संध्याकाळी लिहितो, ओपीडी भरलीय.

---

जळगाव_रेसिडेंट

एमओ सरांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मांडते. मी मेडिसिनला आहे. साप आणि फवारणी आपल्याला जवळची वाटते म्हणून त्यातच रमून जाऊ नका ताई. तुम्ही विचारलंत की वेळ कुठे द्यावा, तर शुगर, बीपी, हार्ट अटॅक, टीबी, थायरॉइड, अॅनिमिया, ताप. हे रोजचे आजार आहेत, पेपरातही सारखे फिरून येतात, आणि पास झाल्यावर रोज हेच बघायचंय.

एक केस बघा. मुक्ताईनगरकडचे आबा, वय ७२, शुगरला ग्लिमेपिराइड चालू, किडनी थोडी कमजोर. एकादशीचा उपास धरला, गोळी मात्र नेमाने घेतली. दुपारी घरचे घेऊन आले, गुंगीत आहेत, उजवा हात कमी हलतोय. पर्यायात सीटी आहे, अॅस्पिरिन आहे, बीपी कमी करणं आहे आणि ग्लुकोमीटर आहे. बोटातून शुगर बघायला काही सेकंद लागतात आणि कमी शुगर हुबेहूब पॅरालिसिससारखी दिसू शकते, म्हणून सीटीच्या आधी ग्लुकोमीटर. शुगर ३८ निघाली तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून. आता यावरचा पुढचा प्रश्न बघा, आबा उठून बसले, चहा मागतायत, घरी सोडायचं का? नाही. या गटाची गोळी आणि कमजोर किडनी म्हणजे शुगर पुन्हा पुन्हा पडणार, भरती करून ड्रिप चालू ठेवायची आणि तासातासाला शुगर बघायची. इथे बरीच मुलं 'डिस्चार्ज' लावतात.

शुगर जास्तीची केस असेल, डीकेए (शुगर वाढून रक्तात आम्ल साठणं), तर इन्सुलिन सगळ्यांना आठवतं पण पहिली स्टेप सलाइन, आणि इन्सुलिन लावण्याआधी पोटॅशियम बघायचं. ३.३ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम भरायचं, कारण इन्सुलिन उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत ढकलतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एमओ सरांचाच नियम आहे हा, मरेल कशाने ते आधी.

हार्ट अटॅकमध्ये ईसीजीच्या टू, थ्री, एव्हीएफ या लीडमध्ये एसटीची रेघ वर, बीपी ८६, छाती स्वच्छ, मानेच्या शिरा फुगलेल्या. म्हणजे उजव्या बाजूचा अटॅक. इथे जिभेखालची नायट्रेट द्यायची नाही, बीपी अजून कोसळेल, उलट सलाइन द्यायचं. उजव्या बाजूची लीड व्हीफोरआर लावून बघायची. तालुक्याच्या ठिकाणी जिथे अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होण्यासारखी नाही तिथे रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन, हा पर्याय प्रश्नात अंतर सांगून विचारतात, तेव्हा शहराचं नाव आणि किती तास लागतील हे नीट वाचा.

तापाचं बघा. प्रश्नात महिना दिला असेल तर तो उगाच दिलेला नसतो. मे महिना, भुसावळकडचं ऊन, वीटभट्टीवरचा कामगार, अंगात ४१.५, बेशुद्ध. हा उष्माघात, ४० च्या वर तापमान आणि डोक्यावर परिणाम, एवढं पुरेसं. पहिली स्टेप अंग गार करणं, कपडे काढून पाणी मारून पंखा, जमेल तिथे गार पाण्यात किंवा बर्फात, ३९ च्या आसपास आलं की थांबायचं. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही, कारण मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकलेला नसतो. शुद्धीवर आहे, घाम येतोय, ३९ आहे तर ते हीट एक्झॉशन, सावली आणि पाणी-मीठ. आणि तोच ४१ ताप, तीच बेशुद्धी, पण ऑगस्ट महिना आणि पेशंट अक्कलकुव्याचा, तर आधी शुगर, मग मलेरियाची किट आणि स्मीअर, फाल्सिपॅरम (मलेरियाचा जीवघेणा प्रकार) निघाला तर शिरेतून आर्टेसुनेट २.४ मिलिग्रॅम प्रति किलो, ० तास, १२ तास, २४ तास. मेनिंजायटिसची शक्यता असेल तर त्याच्या अँटिबायोटिकसाठी सीटीची वाट बघायची नाही.

डेंग्यूत एकच लक्षात ठेवा, ताप उतरतो तेव्हा सुटलो असं घरच्यांना वाटतं आणि धोका तिथेच सुरू होतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, सुस्ती, हिमॅटोक्रिट (रक्ताचा घट्टपणा) चढतंय आणि प्लेटलेट उतरतायत, हा पेशंट भरती. प्लेटलेट ४० हजार, कुठूनही रक्त नाही, तर प्लेटलेट चढवायच्या नाहीत. नातेवाईक कितीही म्हटले तरी नाही.

---

बोरीकाठची

खरंच सगळ्यांचे आभार, मी हे वहीत उतरवून घेतलं. एमओ सर, दोन शंका आहेत. एक, लहान मुलाला अँटी व्हेनमचा डोस वजनावर का? दोन, गर्भवतीला साप चावला तर द्यायचं का नाही, पर्यायात 'गर्भावस्थेत वर्ज्य' असं दिलं होतं. आणि जळगावच्या ताई, टीबीचं औषध चालू असताना कावीळ झाली तर सगळं बंद करायचं का फक्त पायरॅझिनामाइड?

---

जळगाव_रेसिडेंट

कावीळ दिसतेय म्हटल्यावर लिव्हरला त्रास देणारी तिन्ही बंद, आयएनएच (आयसोनियाझिड), रिफॅम्पिसिन आणि पायरॅझिनामाइड. नुसत्या रिपोर्टवर जायचं असेल तर लक्षणं असताना एन्झाइम नॉर्मलच्या ३ पट आणि लक्षणं नसताना ५ पट हा आकडा धरतात. कावीळ आणि एन्झाइम उतरल्यावर एकेक करून परत चालू. डोळ्यांना लाल-हिरवा फरक कळेना तर एथॅम्ब्युटॉल, हातापायाला मुंग्या तर आयएनएच, त्याला पायरिडॉक्सिन. लघवी लाल-केशरी झाली म्हणून घाबरून आलेला पेशंट असेल तर नुसती समजूत घालायची, रिफॅम्पिसिनने होतंच ते.

---

सातपुडा_एमओ

मुलाला मोठ्यांएवढाच डोस. साप मुलाचं वजन बघून विष कमी सोडत नाही आणि अँटी व्हेनम विषाला मारायला असतं, पेशंटच्या वजनाला नाही. फक्त कमी पाण्यात मिसळून द्यायचं. अॅड्रेनालिन मात्र वजनावर, ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. गर्भवतीलाही द्यायचंच, विषाची लक्षणं असतील तर अँटी व्हेनमला वर्ज्य असं काही नाही.

आता सिकलचं. आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा, मावची समाजात हा आजार घराघरात आहे आणि २०२३ च्या १ जुलैला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाल्यापासून परीक्षेतही प्रश्न येतात. सोल्युबिलिटी टेस्ट एवढंच सांगते की सिकल हिमोग्लोबिन आहे. ती वाहक आहे का रुग्ण आहे हे ती सांगू शकत नाही, दोघांतही पॉझिटिव्ह येते, आणि सहा महिन्यांखालच्या बाळात बाळाच्या हिमोग्लोबिनमुळे खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून पुढची स्टेप एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस.

इथे थांबून नीट विचार करा कारण परीक्षकाला इथेच अडकवायचं असतं. समजा एचपीएलसीत ती नुसती वाहक निघाली. वाहकाचं एचबी साधारण नॉर्मल असतं, ६.८ होत नाही. मग हे ६.८ कशाचं? दुसरं कारण शोधायचं, आणि आपल्याकडे ते बहुतेक आयर्नची कमतरता. फेरिटिन (आयर्नचा साठा) बघायचं, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) बघायचा, कमी असेल तर तिला आयर्न द्यायचं आणि २२ आठवड्यांना ६.८ म्हणजे गोळीवर न थांबता शिरेतून. 'सिकल आहे, आयर्न देऊ नका' असं सरसकट ऐकून वाहक बायांना पण आयर्नपासून लांब ठेवलं जातं आणि त्या विनाकारण रक्त कमी होऊन बाळंतपणाला येतात, हे मला फार लागतं म्हणून इथे लिहितोय.

रुग्ण निघाली तर फेरिटिन बघितल्याशिवाय आयर्न नाही, कारण रक्त फुटत राहतं, आयर्न शरीरातच राहतं, वर आधी रक्त चढलेलं असेल तर साठाही वाढलेला असतो. फॉलिक अॅसिड जास्त डोसमध्ये, पाणी भरपूर, इन्फेक्शन लवकर पकडायचं, आणि चालू असलेली हायड्रॉक्सीयुरिया गर्भारपणात थांबवतात. रक्त लगेच द्यायचं का, तर आकड्यावर नाही, धाप लागतेय का, छातीत दुखतंय का, ऑक्सिजन पडतोय का यावर. छातीत दुखणं, ताप आणि एक्स-रेत नवीन डाग असेल तर अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, तिथे वेळ घालवायचा नाही. दुखण्याच्या झटक्यात पोटभर वेदनाशामक द्यायचं, हात आखडायचा नाही, 'व्यसन लागेल' म्हणून तडफडत ठेवणं हा कोणत्याच प्रश्नात बरोबर पर्याय नसतो.

पुस्तकात लिहिलंय की सिकलच्या मोठ्या माणसाची प्लीहा आटून जाते. आपल्याकडच्या पेशंटमध्ये बाळाचं हिमोग्लोबिन जास्त राहतं आणि प्लीहा बऱ्याचदा मोठेपणीही हाताला लागते. म्हणून केसमध्ये 'प्लीहा मोठी' वाचून सिकल कापून टाकू नका. लहान मूल अचानक पांढरंफटक पडलं, पोट फुगलं, प्लीहा एकदम वाढली तर सिक्वेस्ट्रेशन, म्हणजे रक्त प्लीहेत अडकून बसणं, तिथे मात्र जपून रक्त.

नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के. 'पहिलं मूल आजारी आहे मग पुढची तीन चांगली' हा हिशोब चुकीचा आहे आणि गावात तो खूप ठिकाणी धरलेला असतो, नवऱ्याला पण बोलावून सांगा, नुसतं बाईला सांगून भागत नाही.

---

शिरपूरची_गायनॅक

गर्भवतीचा विषय निघालाच आहे तर झटक्यांचं एक घ्या. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर आणि लघवीत प्रोटीन, मग डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि झटका. पहिलं कुशीवर वळवून श्वासनलिका मोकळी आणि ऑक्सिजन, मग मॅग्नेशियम सल्फेट, डायझेपाम नाही. त्याच्या प्रिचर्ड पद्धतीत ४ ग्रॅम शिरेतून आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतोय का (नी जर्क), श्वास बरोबर आहे का, लघवी होतेय का. जास्त झाल्याचं पहिलं लक्षण नी जर्क जाणं, श्वास नंतर थांबतो. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, सावकाश. आणि शेवटचा इलाज प्रसूती, झटका आल्यावर 'बीपी नीट होईपर्यंत आठवडाभर थांबू' असा पर्याय कधीच लावू नका.

---

धुळे_इंटर्न

हा धागा सेव्ह केला. सर, विंचवाचा एक प्रश्न टाका ना, तो पण आपल्याकडे खूप, आणि ताईला करू द्या.

---

सातपुडा_एमओ

घ्या. शिरपूर तालुक्यातला ८ वर्षांचा मुलगा, वजन २० किलो. संध्याकाळी सरपण काढताना हाताला लाल विंचू चावला. आधी खूप दुखलं, आता दुखणं कमी झालंय पण उलट्या, अंगभर घाम, हातपाय गार, नाडी १४०, बीपी १५०/१००. छाती अजून स्वच्छ. पर्याय: अॅट्रोपिन, प्राझोसिन, मॉर्फिन, स्टेरॉइड. कोणतं आणि का ते लिहा, आणि डोस पण.

---

बोरीकाठची

प्राझोसिन. विषाने अल्फा रिसेप्टर खवळलेत, रक्तवाहिन्या आवळल्यात म्हणून हातपाय गार आणि बीपी वर, पुढे हृदय थकून छातीत पाणी होईल आणि मूल त्याने जाईल. अॅट्रोपिनने घाम थांबेल पण नाडी आणि बीपी अजून चढेल. दुखणं कमी झालं म्हणजे बरं होतंय असं समजायचं नाही, घाम आणि गार हातपाय बघायचे. डोस ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो, म्हणजे ६०० मायक्रोग्रॅम तोंडातून. बरोबर का सर?

---

सातपुडा_एमओ

एकदम बरोबर, कारणासकट. हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आहे, कोकणातल्या खेड्यात बसून त्यांनी हे औषध विंचवाला लावलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. याला जोडून दोन-तीन गोष्टी लिहून ठेवा. हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी डोस परत द्यायचा. औषध दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं, उचलून कडेवर घेतलं की बीपी पडतं, आयांना हे आधी सांगावं लागतं. उलट्यांमुळे गोळी बाहेर पडली तर परत द्यायची. विंचवाचं अँटी व्हेनम असेल तर सोबत द्या, मूल लवकर सावरतं. जिथे चावला तिथे दुखत असेल तर लिग्नोकेन, म्हणजे भूल देणारं इंजेक्शन.

आणि पास झाल्यावर कुठे ड्युटी लागली की पहिल्याच दिवशी फार्मसीत जाऊन प्राझोसिनची पट्टी हातात घेऊन बघा. बऱ्याचदा हळूहळू सुटणारी, एक्सएलवाली गोळी ठेवलेली असते, ती तोडून किंवा कुटून मुलाला देता येत नाही. साधी गोळी मागवून ठेवायला लावा.